‘प्राथमिक’ म्हणजे सुरुवातीचा? फुप्फुसीय उच्च रक्तदाबाच्या शब्दांविषयी

प्रश्न (महाल, नागपूर): माझ्या मामीच्या जुन्या फाइलमध्ये ‘प्राथमिक फुप्फुसीय उच्च रक्तदाब’ असं लिहिलेलं आहे. घरच्यांना वाटलं, आत्ता कुठे सुरुवात आहे. दंडाला पट्टा बांधला तर बीपी १२०/८० येतो, पण दोन जिने चढली की तिला धाप लागते. मग हा रक्तदाब कुठला? आणि ‘प्राथमिक’चा अर्थ काय?

उत्तर: ताई, प्राथमिक शाळा, प्राथमिक उपचार, प्राथमिक फेरी हे रोज ऐकणाऱ्याला ‘पहिल्या पायरीचा’ हाच अर्थ लागणार. वैद्यकात मात्र तो ‘दुसऱ्या कुठल्या आजारामुळे न आलेला’ अशा अर्थाने वापरत. त्याचा जोडीदार ‘दुय्यम’, आणि तो तर जास्तच फसवा, कारण दुय्यम म्हटलं की दुखणं कमी महत्त्वाचं वाटतं. १९७३ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या जिनिव्हा बैठकीपासून ही जोडी रुळली. २००३ मध्ये याच आजारावरच्या व्हेनिसच्या जागतिक परिषदेने ‘प्राथमिक’ सोडला. आता ‘अज्ञातहेतुक’ म्हणतात. शब्द बोजड आहे, पण प्रामाणिक आहे. घरी मी ‘कारण न सापडलेला’ असंच सांगते.

आता दाबाचं. हा दाब हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुप्फुसांकडे जाणाऱ्या रोहिणीतला. दंडावरच्या पट्ट्याला तो कळत नाही. इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर) अंदाज येतो, पक्कं मोजमाप हृदयाच्या उजव्या बाजूत कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालूनच. विश्रांतीच्या वेळी सरासरी २० मिलिमीटर पाऱ्याहून जास्त असेल तर तो वाढलेला समजतात. पूर्वी ही सीमा २५ होती. जाता जाता, ‘रोहिणी’च्या मुळाशी लाल रंग आहे आणि ‘नीला’च्या मुळाशी निळा. फुप्फुसांपाशी मात्र रोहिणीतून काळपट रक्त जातं आणि नीलेतून लालभडक परततं!

दुसरं उत्तर: एक भर घालतो. ‘फुप्फुसीय उच्च रक्तदाब’ हे कुळाचं नाव आहे, त्यात पाच गट आहेत. पहिला खुद्द फुप्फुस-रोहिणीच्या आजाराचा. अज्ञातहेतुक, आनुवंशिक, जन्मजात हृदयदोषामुळे आलेला, असे सगळे त्यात. दुसरा हृदयाच्या डाव्या बाजूच्या दुखण्यांचा, आणि सर्वांत जास्त रुग्ण याच गटात असतात. तिसरा फुप्फुसांचे आजार आणि प्राणवायूची कमतरता, चौथा रक्ताच्या जुन्या गुठळ्या, पाचवा सरमिसळ कारणांचा. आपल्या विदर्भात घरोघरी माहीत असलेला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार या पाचव्यात येतो.

मराठीत पहिल्या गटालाही नुसतं ‘फुप्फुसीय उच्च रक्तदाब’ म्हणतात, तिथे घोटाळा होतो. पहिल्या गटाची खास औषधं दुसऱ्या गटातल्या रुग्णाला सहसा देत नाहीत, कधी ती अपायही करतात. म्हणून पहिल्या गटाला ‘फुप्फुस-रोहिणी उच्च रक्तदाब’ म्हणावं, असा माझा आग्रह आहे.

ताई, पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून फाइलवर गटाचा आकडा लिहून घ्या.