पुन्हा पुन्हा घाण होणारा किनारा आणि थकू लागलेले स्वयंसेवक: काय करावे?

सागरवेल (प्रश्न)

नमस्कार. महाविद्यालयीन मुलामुलींचा एक गट नियमितपणे समुद्रकिनाऱ्याची स्वच्छता करतो आणि त्याच्या नियोजनाची जबाबदारी माझ्याकडे आहे. मुले मनापासून राबतात, पण पुढच्या खेपेला जावे तर भरतीने जवळपास तेवढाच कचरा पुन्हा आणून टाकलेला असतो. आता त्यांच्यापैकी काही जण उघडपणे विचारू लागले आहेत, की दरवर्षी लाखो टन प्लास्टिक समुद्रात जात असताना आपण भरलेल्या पोत्यांनी कितीसा फरक पडणार? प्रश्न रास्त आहे आणि मला तो गोड बोलून टाळायचा नाही. या कामाचा अनुभव असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

भरतीरेषा

आपण समुद्र स्वच्छ करतो आहोत असे मुलांना सांगू नका, कारण ते खरे नाही आणि मुलांना ते कळते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, किनारा लाभलेल्या देशांतून २०१० या एका वर्षात सुमारे ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लास्टिक समुद्रात गेले. या हिशेबात आपली पोती कुठेच दिसणार नाहीत.

तरीही किनाऱ्यावरचे प्लास्टिक उचलण्याला एक ठोस कारण आहे. प्लास्टिकचा भुगा सर्वांत वेगाने होतो तो किनाऱ्यावरच. ऊन, तापलेली वाळू आणि लाटांचे घर्षण यांमुळे पिशवी किंवा डबा ठिसूळ होतो, त्याचे तुकडे पडतात आणि ते ५ मिलिमीटरपेक्षा लहान झाले की त्यांना सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. ते वाळूत मिसळल्यावर किंवा ओहोटीबरोबर परत गेल्यावर कोणाच्याही हाती लागत नाही. म्हणून अखंड असताना उचललेली प्रत्येक वस्तू म्हणजे पुढे होऊ शकणारे असंख्य तुकडे टळणे होय. मुलांना हे समजावून सांगितले तर ते नक्की पटेल.

दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते, ती म्हणजे मोजणी. १९८६ साली अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर स्वयंसेवकांनी कचरा गोळा करताना कोणती वस्तू किती सापडली याची नोंद ठेवली, आणि त्यातूनच आज जगभर चालणारी आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता मोहीम उभी राहिली. युरोपीय संघाने २०१९ साली एकदाच वापरायच्या प्लास्टिकविषयी जो कायदा केला, त्यातील वस्तूंची निवड किनाऱ्यांवरच्या अशाच नोंदींवरून झाली. स्ट्रॉ, काटे-चमचे, ताटल्या आणि कान साफ करण्याच्या काड्यांवर तेथे २०२१ पासून बंदी आली. पोते भरून नेले की त्याची आठवणही उरत नाही. नोंदवही मात्र कोणापुढेही ठेवता येते.

वाळूपक्षी

वरील मताशी मी सहमत आहे. फक्त दोन सूचना कराव्याशा वाटतात, कारण उत्साहाच्या भरात स्वच्छतेनेही नुकसान होते. भरतीरेषेवर साचलेले समुद्रशैवाल कचरा समजून खरवडून काढू नये. त्यात बारीक कीटक आणि कवचधारी जीव राहतात आणि किनाऱ्यावरचे पक्षी त्यांच्यावर जगतात, त्यामुळे शैवालात अडकलेले प्लास्टिक हाताने वेचावे आणि शैवाल जागेवर राहू द्यावे. कासवे अंडी घालत असतील त्या हंगामात वाळू उकरणे आणि यंत्रे फिरवणे पूर्ण बंद ठेवावे. वाळूत रुतलेले मासेमारीचे जाळे ओढून काढण्यापेक्षा वर दिसणारा भाग कापून न्यावा. सुया, काचा आणि रसायनांचे डबे नवख्या मुलांनी उचलू नयेत.

नदीमुख

मला थोडे वेगळे सांगायचे आहे. स्वच्छता मोहिमा जितक्या गाजतात तितका हा कचरा निर्माण करणारा उत्पादक नजरेआड होतो, याची मला खरोखर काळजी वाटते. २०२१ च्या एका संशोधनानुसार नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी सुमारे ८० टक्के प्लास्टिक एक हजारांहून अधिक नद्या वाहून आणतात आणि त्यांत शहरांतून वाहणाऱ्या लहान नद्यांचा वाटा मोठा आहे. तेव्हा गटातील काही मुलांनी तरी किनारा सोडून नाल्यांच्या तोंडाशी काम करावे, तेही पावसाळ्यापूर्वी, कारण साचलेला कचरा पहिल्या मोठ्या पावसात एकदम वाहून जातो.

तरुणांच्या आवाजाला वजन नसते असेही नाही. मेलाती आणि इसाबेल वायसेन या बहिणींनी २०१३ साली बालीमध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांविरुद्ध मोहीम सुरू केली तेव्हा त्या अवघ्या १२ आणि १० वर्षांच्या होत्या. सह्या गोळा करणे, शाळांमध्ये जाणे, सरकारकडे पाठपुरावा करणे असे काम त्यांनी वर्षानुवर्षे नेटाने केले आणि २०१९ मध्ये तेथे पिशव्यांवर बंदी अमलात आली.

सागरवेल

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मोजणीची कल्पना मुलांना नक्की आवडेल. पण सापडलेली वस्तू जवळच्याच वस्तीतून आली की दूरवरून वाहत आली, हे कसे ओळखावे? ते कळले तर दाद कोणाकडे मागायची हेही ठरेल.

भरतीरेषा

पूर्ण खात्री देता येत नाही, पण वस्तू स्वतःच बरेच सांगते. बाटलीवरचे वेष्टन शाबूत आणि छपाई ताजी असेल तर ती बहुधा जवळूनच आलेली असते. तिच्यावर लवचीक देठाचे बार्नेकल चिकटलेले असतील तर ती बराच काळ खुल्या समुद्रात तरंगत होती असे समजावे, कारण हे कवचधारी जीव तरंगणाऱ्या वस्तूंवरच वाढतात. किनाऱ्यावर बाटल्यांपेक्षा झाकणे जास्त दिसली तर आश्चर्य वाटू देऊ नका. पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक पाण्यापेक्षा जड असल्याने उघडी बाटली भरून बुडते, झाकण मात्र हलक्या प्लास्टिकचे असल्याने तरंगत राहते. मसुराएवढे एकसारखे गोल दाणे दिसले तर ते वेगळे नोंदवा. तो कारखान्यांना लागणारा कच्चा माल असतो आणि वाहतुकीत किंवा हाताळणीत सांडतो, म्हणजे त्याची जबाबदारी ग्राहकाची नसते. सिगारेटची थोटकेही प्लास्टिकमध्येच मोजा, कारण त्यांतील गाळणी सेल्युलोज ॲसिटेटची असते.

सुरुवातीला किनाऱ्याचा १०० मीटरचा एकच पट्टा ठरवा, तो खुणेने कायम करा आणि दर वेळी ओहोटीला तेथेच मोजणी करा. एकाने वेचावे, दुसऱ्याने लिहावे. उरलेला किनारा नेहमीप्रमाणे स्वच्छ करा, पण त्याचे आकडे या पट्ट्याच्या आकड्यांत मिसळू देऊ नका, नाहीतर दोन महिन्यांची तुलना करता येणार नाही.