लॉबीतल्या टँकची काळी दाढी

रविवार, सकाळ

सेक्रेटरी (ए-१०२): नमस्कार. लॉबीतल्या फिश टँकबद्दल तीन तक्रारी आल्यात. झाडांच्या पानांवर काळे केस उगवल्यासारखं दिसतंय. टँक रिकामा करून विकून टाकायचा का, यावर मतं द्यावीत. मध्ये सुविचार टाकू नयेत ही विनंती.

बोरस्ते काका (बी-२०४): विकता कशाला? चिमूटभर मोरचूद टाका. निफाडला आमच्या बागेत केवडा रोग दिसला की मोरचुदाचं बोर्डो मिश्रण मारतो, दोन दिवसांत साफ.

निखिल (बी-७०२): काका, मोरचूद अजिबात नको. त्यात तांबं असतं. शेवाळ मरायच्या आधी कोळंब्या आणि गोगलगायी मरतील, मग मासे. शिवाय ते खडीत मुरतं, पुढे कोळंबी सोडायची सोय राहत नाही.

देशपांडे काकू (ए-१०४): मग तुरटी फिरवा. आमच्या आजीकडे पिण्याच्या पाण्याला तीच.

निखिल (बी-७०२): काकू, तुरटीने गढूळपणा खाली बसतो. हे शेवाळ पाण्यात तरंगत नाहीये, पानाच्या कडेला घट्ट चिकटलंय. खाली जाऊन बघून आलो. अनुबियासच्या जुन्या पानांवर, फिल्टरच्या तोंडाशी आणि लाकडावर काळपट झुबके आहेत. नखाने ओढलं तर पान फाटतं, शेवाळ निघत नाही. याला ब्लॅक बिअर्ड म्हणतात, काळी दाढी. दिसायला काळं-राखाडी, पण जातीने लाल शेवाळ.

स्नेहल (सी-५०१): लाल कुठून? माझ्या घरच्या टँकमध्ये पण आहे. हिरवंनिळं, बुळबुळीत, वास मारतं. तेच का हे?

निखिल (बी-७०२): नाही ताई, तुझं वेगळं. हाताने ओढलं की सायीसारखा पापुद्रा निघतो ना? ते खरं तर शेवाळच नाही, जिवाणू आहेत, सायनोबॅक्टेरिया. जेवढं निघेल तेवढं पाइपने ओढून घे, टँक चादरीने झाकून ३-४ दिवस पूर्ण अंधार कर, एअर पंप मात्र चालू ठेव, मग पाणी बदल. लॉबीतल्या दाढीला अंधाराने फारसा फरक पडत नाही, ती सावलीतही तग धरते.

सेक्रेटरी (ए-१०२): मुद्द्यावर यावं. हे झालं कशामुळे? खताची बाटली कमिटीने पास केली तेव्हाच मी म्हटलं होतं.

निखिल (बी-७०२): सर, खताला उगाच बदनाम करू नका. झाडं उपाशी राहिली की त्यांची वाढ थांबते आणि थांबलेल्या पानावरच शेवाळ बसतं. जोमाने वाढणाऱ्या पानावर त्याला पाय रोवायला वेळच मिळत नाही. बघा ना, मागची हायग्रोफिला आठवड्याला इंचभर वाढते, ती स्वच्छ आहे. अनुबियासचं एक पान महिनोन् महिने तसंच असतं, सगळी दाढी त्याच्यावर.

माझ्या मते आपल्याकडे तीन गोष्टी झाल्या. एक, गणपतीत लॉबीच्या लाइटिंगच्या बोर्डालाच टँकचा दिवा जोडला. दहा दिवस रात्रंदिवस उजेड, आणि नंतरही तो बोर्ड कोणी वेगळा केला नाही. झाडाला सहा ते आठ तास पुरतात.

दुसरी गोष्ट सांगायला वाईट वाटतं, कारण ती मुलांनी उन्हाळ्यात हौसेने केली. साखर आणि यीस्टची बाटली. त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, झाडांना तो हवाच असतो. पण साखर ताजी असताना वायू भसाभस निघतो, दोन आठवड्यांत मंदावतो, मग कोणाला आठवलं की नवीन बाटली. त्यात आता पुण्याची थंडी. रात्री यीस्ट गारठतं, दुपारी परत जागं होतं. वायू कमी असला तर झाडं हळू वाढून जुळवून घेतात. आज भरपूर, उद्या काहीच नाही, हे त्यांना झेपत नाही, आणि काळ्या दाढीला नेमकं हेच मानवतं.

आणि तिसरं, घाण.

वॉचमन मामा: साहेब घाण नाही, मी दर शनिवारी फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतो.

निखिल (बी-७०२): मामा, तुमची चूक नाही, कोणी सांगितलंच नव्हतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. स्पंजमध्ये चांगले जिवाणू राहतात, माशांची घाण तेच पचवतात, ते क्लोरीनने मरतात. स्पंज टँकच्याच पाण्यात, बादलीत पिळायचा. आणि घाण म्हणजे मी खाण्याबद्दल बोलतोय. सकाळी तुम्ही घालता, शाळेच्या बसची वाट बघताना मुलं घालतात, रात्री शतपावलीला काका लोक. परवा मला खडीत शेवेचा तुकडा सापडला.

बोरस्ते काका (बी-२०४): माझ्याकडे बघू नका. मी फक्त एकदाच पोळी घातली.

फडके (ए-६०३): माझा एक मित्र म्हणतो सकर मासा सोडा, सगळं शेवाळ खातो. एकदाच शंभर रुपये आणि काम झालं.

निखिल (बी-७०२): सकर काचेवरचं मऊ हिरवं चाटतो, काळ्या दाढीला तोंडही लावत नाही. वर फूटभर वाढतो आणि स्वतःच शेणासारखी लांब विष्ठा टाकत बसतो. मोठा झाला की लोक नदीत सोडतात, ते तर आणखी वाईट. उजनीतले मच्छीमार या माशाने हैराण झालेत, काट्यांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही.

काळी दाढी खाणारा मासा म्हणजे सायमीज अल्गी ईटर. पण दुकानात त्या नावाखाली दुसरेच देतात. ओळख सोपी आहे. अंगावरचा काळा पट्टा शेपटीच्या टोकापर्यंत गेलेला असला तर खरा. शेपटीच्या आधीच थांबला तर नको म्हणायचं. तोही लहान असतानाच काम करतो. दाणे खायची सवय लागली की आपल्यासारखाच, आयतं मिळतंय तर कशाला राबा.

स्नेहल (सी-५०१): नक्की कोणाबद्दल बोलतोयस?

सेक्रेटरी (ए-१०२): उपाय आणि खर्च लिहून द्यावा.

निखिल (बी-७०२): खर्च एक टायमर प्लग आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची छोटी बाटली. जखम धुवायला मिळतं तेच. पण एक सांगून ठेवतो, इंटरनेटवर वाचून कोणी परस्पर ओतू नका. तिथली मापं बहुतेक ३ टक्क्यांच्या द्रावणाची असतात. आपल्या मेडिकलमध्ये सहसा ६ टक्क्यांचं मिळतं. म्हणजे माप निम्मं. आपल्या टँकमध्ये पाणी साधारण १३० लिटर. ६ टक्क्यांचं एका वेळी १५ मिली, त्याच्या वर नाही.

आज दुपारी फिल्टर बंद करतो म्हणजे पाणी स्थिर राहील. सुई काढलेल्या सिरिंजने थेट झुबक्यावर हळूहळू सोडायचं, बुडबुडे येतात. दहा मिनिटांनी फिल्टर चालू. एका दिवशी एकच कोपरा. फार माखलेली पानं सरळ कापून टाकणार, जुनं पान वाचवण्यात अर्थ नाही. यीस्टची बाटली बंद. आपली झाडं वरून वायू न देताही जगणारीच आहेत. दिवा टायमरवर, दुपारी ३ ते रात्री ९, मुलं खाली असतात तेव्हा दिसेल. आठवड्याला ३० टक्के पाणी बदल. टँकरचं असो की नळाचं, अँटी-क्लोरीनचे थेंब घालूनच.

देशपांडे काकू (ए-१०४): ते दुसरं औषध का नाही वापरत? माझा भाचा त्याच्या टँकमध्ये ग्लुटाराल्डिहाइड घालतो. छान गुण आलाय म्हणे.

निखिल (बी-७०२): गुण येतो, खोटं नाही. पण हॉस्पिटलात अवजारं निर्जंतुक करायला वापरतात ते, वाफ डोळ्यांना आणि छातीला लागते. लॉबीत लहान मुलं असतात. शिवाय आपल्या कोपऱ्यातलं वॅलिस्नेरियाचं झाड त्याने विरघळतं.

फडके (ए-६०३): नवीन झाडं लावायची तर कासला पाण्यात सुंदर तुरे येतात बघा, वायतुरा. पुढच्या पावसाळ्यात ट्रिप काढू, दोन कंद आणू.

स्नेहल (सी-५०१): फडके काका!! ते फक्त आपल्या सह्याद्रीतच उगवतं, आणि मुळातच थोडं उरलंय. आणि कास जागतिक वारसा आहे, २०१२ पासून. तिथून काडीसुद्धा उचलायची नाही.

फडके (ए-६०३): बरं बरं. फोटो तरी काढू ना?

शुक्रवार, रात्र

सेक्रेटरी (ए-१०२): आजपर्यंतची प्रगती कळवावी. मला तर टँक आणखी वाईट दिसतोय. आता काळ्याचं गुलाबी झालंय. लोक विचारतात टँकला काय झालं.

निखिल (बी-७०२): सर, अभिनंदन! ते मेलंय. म्हटलं ना, जातीने लाल. मेल्यावर खरा रंग दिसतो. आता कोळंब्या ते आवडीने खातात, जिवंत असताना बघत पण नव्हत्या. काल रात्री सात-आठ जणी लाकडावर पंगतीला बसल्यासारख्या होत्या.

बोरस्ते काका (बी-२०४): म्हणजे संपलं? टायमर काढून परत बोर्डावर टाकू? नाताळची लाइटिंग लावायचीय.

निखिल (बी-७०२): काका!!

बोरस्ते काका (बी-२०४): गंमत केली रे.

निखिल (बी-७०२): संपलेलं नाही. फिल्टरच्या तोंडाशी अजून आहे आणि लाकडाच्या खाली माझी सिरिंज पोचत नाही. पेरॉक्साइडने आजचं मरतं. उद्याचं थांबायला खाणं, दिवा आणि पाणी एकसारखं राहिलं पाहिजे, किमान दीड-दोन महिने. खाण्याचा डबा मामांकडे कुलपात. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. शेव, पोळी, बिस्किट बंद.

देशपांडे काकू (ए-१०४): एक विचारू? दर रविवारी तू ते पिवळट पाणी गटारात ओततोस. माझ्या तुळशीला चालेल का?

निखिल (बी-७०२): चालेल काय, पळेल. त्यात नायट्रेट असतं, म्हणजे झाडांचं खतच. पेरॉक्साइड घातल्याच्या दिवशीचं तेवढं नको.

स्नेहल (सी-५०१): मला पण हवंय. गॅलरीत मिरच्या आहेत.

फडके (ए-६०३): आमचा मोगरा रुसलाय. एक बादली इकडे.

सेक्रेटरी (ए-१०२): पाणी सुमारे ४० लिटर, म्हणजे चारच बादल्या. ज्यांना हव्यात त्यांनी रविवारी सकाळी ९ वाजता स्वतःची बादली घेऊन खाली यावं. सोसायटीच्या निळ्या बादल्या वर नेऊ नयेत, मागच्या दोन अजून परत आलेल्या नाहीत.

देशपांडे काकू (ए-१०४): एक माझ्याकडे आहे. आणते.