लिंबाची नवीन पानं पिवळी, शिरा हिरव्या. युरिया टाकू का?

सिन्नरचा_गडी
नमस्कार मंडळी. सिन्नर तालुक्यात आमची थोडी हलकी जमीन आहे, खाली मुरूम आणि खोदलं की पांढरे पांढरे खडे निघतात. गेल्या वर्षी पावसाळ्यात कागदी लिंबाची रोपं लावली, साई सरबती जातीची. यंदा पाऊस संपेपर्यंत एकदम जोरात होती, पण आता ऑक्टोबरच्या उन्हात जी नवीन पालवी आलीय ती सगळी पिवळी, दोनचार झाडांचे शेंडे तर पांढरेच म्हणा ना, फक्त शिरा हिरव्या राहिल्यात बारीक जाळीसारख्या. खालची जुनी पानं ठणठणीत. काही कोवळ्या पानांवर चांदीसारख्या नागमोडी रेघा पण आहेत आणि ती पानं वळलीत. ड्रिप बोअरच्या पाण्यावर, रोज चालू असतं. दुकानदार म्हणतो युरिया सोडा, शेजारचे काका म्हणतात हा व्हायरस आहे, उपटून टाक. जीव वर-खाली होतोय राव, सांगा काहीतरी.

निफाडचा_बागाईतदार
भाऊ उपटू नका आणि युरियाही नको. आधी कुठलं पान पिवळं आहे ते बघायचं, मग दुकानात जायचं, आपल्याकडं सगळे उलटं करतात. नत्र कमी पडलं तर झाड जुन्या पानातलं नत्र काढून शेंड्याला देतं म्हणून आधी खालची पानं पिवळी पडतात, आणि पूर्ण पडतात, शिरांसकट. मॅग्नेशियमचंही जुन्या पानावरच दिसतं, देठाकडं हिरवा त्रिकोण उरतो आणि बाकी पान पिवळं. तुमची जुनी पानं चांगली, नवीनच पिवळी आणि जाळी हिरवी, म्हणजे लोह कमी पडतंय. झाडात लोह एकदा जिथं बसलं तिथून सहसा हलत नाही त्यामुळे उपाशी राहते ती नवीन पालवी. हाच तो केवडा, उसात पडतो तोच.
काकांच्या व्हायरसचं म्हणाल तर एक पान मधल्या शिरेवर दुमडून बघा. दोन्ही बाजूंचा पिवळेपणा सारखाच आला तर कमतरता. एका बाजूला इथं डाग, दुसऱ्या बाजूला भलतीकडंच, असं चट्टेदार असेल तर ग्रीनिंग रोगाचा संशय घ्यायचा, तो सिट्रस सिला किडीमुळं पसरतो आणि व्हायरस नाही तर जिवाणू आहे.

आडगावची_माई
त्या चांदीच्या रेघा वेगळं प्रकरण आहे हो, ती नागअळी. पानाच्या सालीखाली बोगदा करत जाते, आत बारीक काळी रेघ दिसते ती तिची विष्ठा. कोवळ्या पालवीवरच येते, पान जून झालं की तिला जमत नाही. थोडी असेल तर वळलेली पानं खुडून टाका आणि पालवी फुटताना 5 टक्के निंबोळी अर्क मारा. दुर्लक्ष नको मात्र, कारण त्याच जखमांतून खैऱ्या रोग (कँकर) आत शिरतो, मग पानावर खरखरीत तपकिरी फोड आणि भोवती पिवळं कडं. आणि पानावर पक्ष्याची शीट दिसली तर पुसायच्या आधी नीट बघा, ती बऱ्याचदा लिंबावरच्या फुलपाखराची अळी असते. लहान झाड एकदोन दिवसात बोडकं करते. चिमट्यानं उचला, फवारणीची गरज नाही.

सिन्नरचा_गडी
माई धन्यवाद, अळी सापडली, रेघ काळीच आहे. पान दुमडून बघितलं, दोन्हीकडं सारखं. पण गेल्या महिन्यात मी हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचं खत) टाकलं होतं आळ्यात, दुकानदारानंच दिलेलं, काहीच फरक नाही मग लोह कसं कमी?

निफाडचा_बागाईतदार
लोह जमिनीत भरपूर असतं, मुळाला मिळत नाही हा घोळ आहे. ते पांढरे खडे म्हणजे चुनखडी. संडास साफ करायच्या अ‍ॅसिडचे चार थेंब मातीच्या ढेकळावर टाका, जपून, हातमोजे घालून. फसफसलं की समजायचं चुना आहे. अशा जमिनीत नुसतं हिराकस टाकलं की ते गंजल्यासारखं होऊन बसतं, मुळाच्या काही उपयोगाचं नाही. त्यात रोज ड्रिप. मुळाशी कायम ओल, हवा नाही, आणि चुनखडीत ओल राहिली की बायकार्बोनेट वाढतं, लोह अजून अडतं. बोअरचं पाणी जड असेल तर विचारूच नका. आधी पाणी तोडा, वरची माती वाफशावर आली, म्हणजे ओलसर पण चिखल नाही अशी झाली, की मगच द्या.
आता फवारणीला लिटरला 5 ग्रॅम हिराकस आणि 1 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, संध्याकाळी, आधी एका झाडावर मारून दोन दिवस बघा कारण कोवळी पालवी भाजते. द्रावण हिरवट हवं, तांबूस झालं तर फेकून द्या. जमिनीतून द्यायचं तर चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं, पण पुडीवर त्या रसायनाचं नाव ईडीटीए आहे की ईडीडीएचए ते वाचा. ईडीटीए चुनखडीत टिकत नाही, ते फवारणीला ठीक. जमिनीला ईडीडीएचए, महाग आहे पण तेच चालतं. आणि पांढरी झालेली पानं हिरवी होण्याची वाट बघत बसू नका, पुढची पालवी कशी येते त्यावरून ठरवा.

मखमलाबाद_७२
चुन्यामुळं वाढलेला जमिनीचा पीएच (आम्ल-अल्कपणाचं माप) गंधक टाकून कमी नाही का होणार? आमच्याकडं द्राक्षाला सगळे टाकतात.

निफाडचा_बागाईतदार
चुना संपल्याशिवाय पीएच खाली येत नाही, हिशोब करा दादा. एकरात वरच्या अर्ध्या फुटात साधारण 900 टन माती. चुना फक्त 1 टक्का धरला तरी 9 टन, तो संपवायला जवळपास 3 टन गंधक, आणि सिन्नरच्या त्या रानात 1 टक्क्यावर थोडंच भागणारे. अख्ख्या जमिनीचा पीएच बदलायच्या नादी न लागता झाडाच्या घेरात दोन खड्डे घ्या, कुजलेलं शेणखत आणि त्यात आठवडाभर मुरवलेलं हिराकस भरा. मुळं तिथं जातात आणि तेवढ्या जागेत लोह मिळत राहतं. माती तपासायला द्याल तेव्हा चुनखडीचं प्रमाण पण काढायला सांगा, साध्या रिपोर्टात बऱ्याचदा ते नसतं.

मखमलाबाद_७२
पटलं. जाता जाता, माझ्या केसर आंब्याच्या कलमांची जुनी पानं टोकापासून कडेनं करपत चाललीत, ते पण लोहच का?

आडगावची_माई
नाही, ते क्षार. बोअरचं पाणी ना? पाण्याची ईसी (क्षारांचं माप) तपासा आणि म्युरेट ऑफ पोटॅश देत असाल तर बंद करा, त्यात क्लोराइड असतं. द्राक्षाचं 0:0:50 (सल्फेट ऑफ पोटॅश) घरात असेलच, तेच द्या. एकदा भरपूर पाणी देऊन क्षार खाली ढकला, पण निचरा असेल तरच.