मदत हवी आहे: रॅबिटएमक्यू रॅम खाऊन रायला
राजेहो, आमच्या जिनिंगवर काट्याच्या पावत्या रॅबिटएमक्यूतून (मेसेज रांगेत लावून पुढं पाठवणारं सॉफ्टवेअर) तालुक्याच्या ऑफिसले जातात, सर्व्हर इथंच, 4 जीबी रॅम, व्हर्जन जुनं 3.8. लाइन गेली की सर्व्हर इन्व्हर्टरवर चालते पण नेट जाते, मंग तिकडचा कन्झ्युमर (पावत्या घेणारा प्रोग्राम) तुटते अन् क्यू, म्हंजे पावत्यांची रांग, फुगत जाते. काल रॅमचा वापर 1.6 जीबीच्या वर गेला अन् पब्लिशर (इकडून पावत्या पाठवणारा प्रोग्राम) ब्लॉक, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग अन् काट्यावरचा पोरगा माह्या तोंडाकडे पाहून रायला!

वॉटरमार्क (रॅमचा किती हिस्सा भरला की पब्लिशर अडवायचा ती मर्यादा) डिफॉल्ट 0.4 आहे, 0.6 केला तं लिनक्स प्रोसेसच मारन काय? मेमरी ब्रेकडाउनमंदी बायनरीच (मुख्यतः मेसेजचा मजकूर) सगळ्यात जास्त दिसते. मॅक्स लेन्थ (रांगेच्या लांबीची मर्यादा) लावाले भेव वाटते, जुन्या पावत्याच उडतात ना बावा. लेझी क्यू (मेसेज रॅमऐवजी डिस्कवर ठेवणारी रांग) करू का? डिस्क साधी हार्डडिस्क आहे, एसएसडी नाही. कोणी केलं असन तं सांगा भाऊ.