६० खाटांच्या रुग्णालयासाठी ईएमआर (पेशंटच्या नोंदींचं सॉफ्टवेअर) निवडताना डेमोत काय तपासावं?

प्रश्न
तीन विक्रेत्यांचे डेमो झाले. बिलिंग तिन्हींत ठीक आहे. काळजी वॉर्डातल्या नोंदींची आणि औषधांची वाटते. ऑर्डर देण्याआधी कोणत्या चाचण्या घ्याव्यात?

फार्मसी
विक्रेत्याच्या तयार पेशंटवर डेमो बघू नका, आपला काल्पनिक पेशंट घाला. त्याला पेनिसिलिनची ॲलर्जी नोंदवा आणि ऑगमेंटिन लिहा. त्यात अमॉक्सिसिलिन आहे, म्हणजे इशारा यायलाच हवा. आला नाही तर एक तर ब्रँड घटकांशी जोडलेले नाहीत, नाही तर ॲलर्जी नुसत्या मोकळ्या मजकुरात साठतेय. आपल्याकडे बहुतेक चिठ्ठ्या ब्रँडनेच लिहिल्या जातात, त्यामुळे इथे नापास झालेलं सॉफ्टवेअर मी तरी घेणार नाही.

मग दोन वर्षांच्या, १२ किलोच्या मुलाला पॅरासिटामॉल लिहा. किलोला १५ मिग्रॅ धरून १८० मिग्रॅ यायला हवेत. आता वजन १२० टाका. सिस्टिमने ते मुकाट्याने घेतलं तर दहापट डोस निघेल.

नर्सिंग
माउस विक्रेत्याच्या माणसाकडे नको, रात्रपाळीच्या सिस्टरकडे द्या. ८ला दिलेला डोस ९.३०ला नोंदवायला सांगा. दिल्याची आणि नोंदवल्याची, दोन्ही वेळा वेगळ्या दिसल्या पाहिजेत. एकच वेळ राहत असेल तर पुढची पाळी ९.३०पासून अंतर मोजते आणि पुढचा डोस लांबतो. नोंद अर्धवट असतानाच लॅनची वायर काढा. परत जोडल्यावर काय उरलं, काय दोनदा चढलं, ते बघा.

आयटी
सही झालेली नोंद बदलून बघा. जुना मजकूर, कोणी बदलला आणि केव्हा, हे सगळं राहिलं पाहिजे. बॅकअप घेतो म्हणतात, तर दुसऱ्या मशीनवर तो उतरवून दाखवायला लावा.

एका आंतररुग्णाची पूर्ण फाइल लॅब रिपोर्टांसकट काढून घ्या. वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. विक्रेता बदलताना सगळा डेटा कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत मिळेल, हे करारातच लिहून घ्या. आभा (सरकारी डिजिटल आरोग्य खातं) जोडणी ‘लवकरच येतेय’ असं उत्तर मिळालं तर ती नाही असंच धरा.

प्रश्नकर्ता
एकाच पेशंटच्या दोन नोंदी झाल्या तर?

आयटी
हे राहिलंच. इंग्रजीत विठ्ठल एक टी घालून एकदा आणि दोन टी घालून एकदा नोंदवा, जन्मतारीख आणि मोबाइल तोच. दुसऱ्या वेळी सिस्टिमने अडवलं पाहिजे. नोंदी एकत्र करता येतात का, आणि चुकून दोन वेगळी माणसं एकत्र झाली तर पुन्हा सुटी करता येतात का, हेही बघा. सुटी करणं बऱ्याचदा जमत नाही, आणि मग एकाचा रक्तगट दुसऱ्याच्या फाइलमध्ये राहतो.