गावरान अंड्यांसाठी घरामागे चार-पाच कोंबड्या पाळाव्यात का? (म्हसरूळ, नाशिक)

म्हसरूळची परसबाग
नमस्कार मंडळी. आमचं म्हसरूळला रो हाऊस आहे, मागे साधारण दहा बाय पंधराची जागा, तिथे मेथी-पालक, वांगी, एक शेवगा असं लावलंय आणि वर्षभर झालं ओला कचरा घंटागाडीत न टाकता घरीच खत करतोय. आता मनात आहे की चार-पाच गावरान कोंबड्या आणाव्यात. मुलगा सात वर्षांचा आहे, त्याने अंडं फक्त ट्रेमध्ये बघितलंय. आणि दुकानात गावरान म्हणून वीस रुपयाला एक देतात ते खरंच गावरान असतं की नुसतं तपकिरी ते कळतच नाही. सासूबाईंचं माहेर सुरगाण्याकडचं, त्यांच्याकडे कायम कोंबड्या असायच्या, त्या म्हणतात तू आण, मी बघते. पण मिस्टरांना वास, शेजारी आणि बिबट्या या तिन्हीचं टेन्शन आहे. कोंबडा ठेवावाच लागतो का? उरलंसुरलं घातलं तर भागतं का? अंड्यांचा खर्च खरंच वाचतो का? शहरात पाळलेल्यांनी प्लीज सांगा, यूट्यूबवर बघावं तर सगळं हजार पक्ष्यांच्या फार्मचं.

मखमलाबादचा मळा
ताई, पैशाचं आधी सांगतो. गावरान कोंबडी वर्षाला साठ ते ऐंशी अंडी देते, म्हणजे चार कोंबड्यांची मिळून वर्षाची २४० ते ३२०, दिवसाला एक पण पुरं पडत नाही. पोल्ट्रीतली लेअर, म्हणजे अंड्यांसाठीच पाळलेली कोंबडी, एकटी वर्षाला ३०० च्या आसपास देते, म्हणून तर ते अंडं स्वस्त पडतं. आणि खाद्य एका कोंबडीला रोजचं शंभर-एकशेदहा ग्रॅम धरा, चौघींचं महिन्याला तेरा किलोच्या आसपास जातं. भाजीचे देठ, भात, भाकरीचे तुकडे घालून त्यातलं थोडं वाचतं, सगळं नाही, नुसत्या खरकट्यावर ठेवल्या तर अंडी थांबतात. तेव्हा खर्च वाचवायला करू नका, पण करा नक्की, आमच्याकडे सहा वर्षं आहेत आणि सकाळी दार उघडल्यावर ज्या घाईने त्या बाहेर पडतात ते बघितल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही.

कोंबडा लागत नाही. अंडं त्याच्याशिवाय येतंच, फक्त त्यातून पिल्लू होत नाही. आणि गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी झाली की खुडूक बसते, म्हणजे उबवायला बसून राहते, मग महिनाभर काही नाही, नवीन माणसं तेव्हा घाबरतात की आजारी पडली की काय. खुडूक नको असेल तर ग्रामप्रिया घ्या, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने मोकळ्यावर पाळायला म्हणूनच काढलेली जात आहे, अंडी गावरानपेक्षा बरीच जास्त देते. वनराजा पण तिथलीच पण ती अंगाने भारी, तुमच्या जागेत नको.

तपकिरी रंगाचं म्हणाल तर कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर असतो, पिंजऱ्यातल्या कोंबडीचं पण तपकिरी असू शकतं. बलक गडद होतो तो मका आणि हिरवा पाला खाऊन. म्हणजे दोन्हीवरून गावरान ओळखता येत नाही, घरी पाळण्याचा माझ्या मते हाच सगळ्यात मोठा फायदा की तिने काय खाल्लं ते तुम्हाला माहिती असतं. एक मात्र कळकळीने सांगतो, द्राक्षबागेतला छाटलेला पाला किंवा बाजारातला फेकलेला फ्लॉवरचा पाला फुकट मिळतो म्हणून घालू नका, फवारणी कधीची आहे ते कुणीच सांगत नाही. बुरशी आलेला मका पण नको.

सिडकोतली गच्ची
माझा अनुभव वाईट आहे तरी लिहितो, कारण हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी गच्चीवर पत्र्याखाली खुराडं केलं होतं, थंडीत मस्त चाललं, आणि मे महिन्यात एका दुपारी दोन कोंबड्या तोंड उघडून धापा टाकत टाकत गेल्या. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकूनच अंग थंड करते, आणि पत्र्याखाली बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापतं हे मला तेव्हा कळलंच नाही. मुलीने दोन दिवस नीट जेवण केलं नव्हतं. तुमच्याकडे शेवग्याची सावली आहे ते फार चांगलं, तरी खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा म्हणजे ऊन सरळ आत येत नाही, आणि उन्हाळ्यात गोणपाट ओलं करून टाका, पाणी दिवसातून तीनदा बदला.

शेजाऱ्यांचं म्हणाल तर वासापेक्षा कोंबड्याच्या आरवण्यावरून भांडण होतं. आमच्या शेजारचे काका अंबडला नाइट शिफ्ट करून यायचे आणि हा पहाटे चारला सुरू. चूक माझीच होती, कोंबडा गावी दिला तेव्हा मिटलं. रो हाऊसची सोसायटी असेल तर आधी लेखी परवानगी घ्या आणि महापालिकेच्या विभागीय कार्यालयात पण विचारून या, नंतर तक्रार झाली की कोंबड्या काढाव्या लागतात आणि तोवर घरच्यांचा जीव जडलेला असतो.

वासाला उपाय साधा आहे, कोरडं ठेवायचं. खाली भाताचं तूस तीन-चार बोटं जाड, घोटीच्या राइस मिलमधून पोतं मिळतं, दोन दिवसांनी खालीवर करायचं, ओलं झालेलं काढून टाकायचं. ते जुनं झालेलं तूस वांग्याला घाला, पण ताजं लगेच नको, मुळं जळतात, खतात कुजवून मग.

गुरांचा दवाखाना
मी पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरी करून रिटायर झालो. लसीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. राणीखेत म्हणजे आपली मानमोडी, मान वाकडी होते, हिरवट पातळ हगतात आणि दोन-तीन दिवसात खुराडं रिकामं होतं, उपचार नाही, लसच आहे. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा डोळ्यात किंवा नाकात थेंब, आणि आठव्या आठवड्याला आर टू बी ही दुसरी लस टोचायची. अडचण अशी की कुपी शंभर डोसची येते आणि एकदा कालवली की दोनेक तासात संपवावी लागते, म्हणून चार कोंबड्यांसाठी कोणी फोडत नाही आणि शहरातल्या कोंबड्या तशाच राहतात. तुमच्या भागात अजून पाच-सहा घरं पाळणारी असतील तर एकत्र दिवस ठरवा, लस बर्फात न्यायची आणि संध्याकाळी गार झाल्यावर द्यायची. मोठ्या तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातल्या तरुण कोंबड्या, विकत घेणार असाल तर लस झाली का ते विचारूनच घ्या, नुसतं हो म्हणाले तर तारीख विचारा.

आणि एकदम दोन-तीन मेल्या तर घंटागाडीत टाकू नका, जवळच्या सरकारी दवाखान्यात कळवा. २००६ ला नवापूरला बर्ड फ्लू निघाला, तो देशातला पहिला, तेव्हा पोल्ट्रीबरोबर घराघरातल्या कोंबड्या पण माराव्या लागल्या, २०२१ ला पुन्हा तिथेच. लपवलं तर शेजारच्या गावाचं पण जातं.

पेठ रोड
मी मूळचा पेठचा. बिबट्याचं मिस्टरांचं बरोबर आहे, नाशिकला तो कुत्र्यामागे येतोच, कोंबडीचा वास पण त्याला पुरतो. पण रोजचा त्रास मुंगूस आणि मांजराचा जास्त. कोंबड्यांची षटकोनी जाळी चालत नाही, अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे वेल्डिंग केलेली चौकोनी जाळी, लावा, तळाला पण, आणि दिवस मावळायच्या आत सगळ्या आत. आमची आई डालग्याखाली झाकायची आणि वर पाटा ठेवायची.

दुसरं मनापासून सांगायचं, सगळ्यांनी पाळायलाच पाहिजे असं नाही. पेठ-हरसूलकडच्या बाया टोपलीत तांदळाच्या कोंड्यात ठेवून वीस-तीस अंडी घेऊन बाजाराला येतात, ती खरी गावरान, घरच्या चार कोंबड्यांची, आणि ते पैसे तिच्या स्वतःच्या हातात राहतात, मीठ-तेलाचे, पोराच्या वहीचे. माझ्या आईने आमची शाळा त्याच्यावर केली. तिच्याशी भाव करू नका. जवळचं खायचं म्हणजे हे पण झालं.

म्हसरूळची परसबाग
सगळ्यांचे खूप आभार, मिस्टरांनी पण वाचलं. सासूबाई पेठ रोडवाल्या दादांचं वाचून गप्पच झाल्या, त्यांच्या घरी पण अंड्याचे पैसे आजीकडे असायचे म्हणे. आता असं ठरवलंय की कोंबडा नाही, आधी सोसायटीला अर्ज, मग तीन ग्रामप्रिया आणि एक गावरान, खुराडं शेवग्याखाली, पावसाळा संपल्यावर. तोवर अंडी बाजारातून त्या बायांकडूनच. आमच्या गल्लीत दोन घरं पाळतात आणि दोघांनीही लस दिलेली नाही, त्यांना विचारलं तर तयार आहेत. म्हसरूळ, आडगाव, मेरीकडे अजून कोणी असेल तर इथेच लिहा, एक कुपी मिळून घेऊ.

आडगाव
आमच्या नऊ आहेत, लस राहिलीये. आम्हाला धरा.