घरीच केलेलं वायरिंग, टेस्ट रिपोर्ट कोणाकडून घ्यायचा?

घणसोली गावठाणात आजोबांच्या जागेवर तळमजला अधिक एक बांधतोय. वायरिंग मी आणि धाकट्या भावाने केलं, त्याचा आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड झालाय. आता महावितरणच्या मीटरसाठी परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट हवा. एक जण घर न बघताच सही-शिक्का द्यायला तयार आहे. पण आई ओल्या हाताने गिझरचं बटण दाबते, मला खरी तपासणी हवीय. काय करू?

उत्तर: तो शिक्का घेऊ नका, दादा. आयटीआय वेगळं, परवाना वेगळा. बल्ब, पंखा, फ्यूज, बटण घरच्यांनी बदललं तर चालतं. नवं वायरिंग मात्र परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं असतं. त्याला आधीच बोलवायला हवं होतं. गिलाव्याआधीचे पाइपांचे फोटो असतील तर ठेकेदाराला दाखवा.

उत्तर: मी ऐरोलीत वायरमन आहे. मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावल्याशिवाय रिपोर्ट घेऊच नका. ५०० व्होल्टवर एक मिनिट, प्रत्येक वायर आणि अर्थिंगमध्ये किमान १ मेगाओहम रोध यायला हवा. गिलावा ओला असेल तर आकडा घसरतो, भिंती सुकू द्या. आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारी स्विच, ३० मिलिअँपिअरची घ्या, तिचं टेस्ट बटण स्वतः दाबून बघा. आणि अर्थिंग नळाच्या पाइपला बांधलं असेल तर आजच सोडवा, वेगळा खड्डा घ्या.

प्रश्नकर्ता: फोटो आहेत, प्रत्येक खोलीचे. अर्थिंग मात्र नळालाच होतं, भावाने आत्ताच काढलं. खड्डा उद्या खणतोय. गिझर तोवर लावत नाही.